३००० मीटर आणि ३५ अडथळे

श्रोतेहो, आपल्या विदर्भात शर्यत म्हटली की आधी शंकरपट डोळ्यांपुढे उभा राहतो. बैलजोडी सुटते, धूळ उडते, आणि "जोडी कोणाची?" असे शेजाऱ्याला विचारेपर्यंत पट संपलेलासुद्धा असतो. सारा खेळ मोजक्या सेकंदांचा. तिथे सुटल्यापासून जीव तोडून धावणे हाच एक मार्ग. पळणाऱ्या माणसांविषयीही आपली समजूत नकळत अशीच बनून गेली आहे. ज्याच्या अंगात जोर अधिक आणि जो सुटताच पुढे गेला, तो जिंकला. शंभर मीटरच्या धावण्याला ही समजूत लावली तर फारसे बिघडत नाही. परंतु तीन हजार मीटर पळावयाचे असेल तर हीच समजूत पळणाऱ्याचा घात करते.

हा नुसता खेळाचा प्रश्न नाही. उजाडण्यापूर्वी वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, कोणत्याही बाजूच्या रस्त्याला जा. पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे पळताना दिसतील. भरतीत सोळाशे मीटरचे धावणे असते. घरची दोन एकर कोरडवाहू, पाठीमागे लहान भावंडे, आणि पुढे हे सोळाशे मीटर. त्यांतली कितीतरी मुले पहिल्या फेरीत वाऱ्यासारखी जातात आणि तिसऱ्या फेरीत कुशीला हात लावून चालू लागतात. त्यांच्यात दम कमी असतो असे नाही. दम कसा खर्च करावा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज आपल्याच महाराष्ट्रातल्या एका धावपटूच्या काही शर्यती आपण जरा बारकाईने पाहू.

प्रथम एक कोडे घालतो. अविनाश साबळे हे नाव आपण ऐकले असेल. ५ जून २०२२ रोजी मोरोक्कोतील रबात या शहरी त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत पुरी केली. पुढे सहा आठवड्यांनी, १८ जुलैला, अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत याच शर्यतीची अंतिम फेरी झाली. ती मोरोक्कोच्या सुफियान एल बक्काली याने जिंकली. त्याला लागलेला वेळ ८ मिनिटे २५.१३ सेकंद, म्हणजे साबळेच्या रबातच्या वेळेपेक्षा जवळजवळ १३ सेकंद जास्त. आता सांगा पाहू, त्या शर्यतीत साबळेचा क्रमांक कितवा आला असेल? शाळेतल्या गणिताने उत्तर काढले तर पहिला. प्रत्यक्षात तो अकरावा आला आणि त्याला ८ मिनिटे ३१.७५ सेकंद लागले. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी, ६ ऑगस्टला, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तोच माणूस तेच अंतर ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पळाला आणि दुसरा आला. वीस सेकंदांचा फरक! १९ दिवसांत कोणाची ताकद एवढी वाढत नसते. मग झाले काय?

उत्तर देण्यापूर्वी ही शर्यत असते कशी ते पाहिले पाहिजे. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता कळस. आयर्लंडात आणि इंग्लंडात पूर्वी घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या कळसापासून दुसऱ्या गावच्या कळसापर्यंत शर्यत लावीत. मध्ये शेतांचे बांध, कुंपणे, दगडी गडगे, ओढे, जे काही येईल ते ओलांडावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हीच शर्यत घोड्यावाचून, आपल्या पायांनी सुरू केली. कुंपणांच्या जागी लाकडी अडथळे आले, ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला. आपण बांधावरून उडी टाकून शेजारच्या शेतात जातो, तीच गोष्ट; फक्त तिला मोजमाप आणि घड्याळ लागले.

शर्यतीचे अंतर ३००० मीटर, म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाच्या साधारण साडेसात फेऱ्या. सुरुवातीचा थोडा भाग मोकळा असतो. त्यानंतरच्या सातही फेऱ्यांत प्रत्येकी पाच अडथळे, आणि त्या पाचांतला चौथा पाण्याचा. म्हणजे एकंदर ३५ अडथळे, त्यांत ७ पाण्याचे. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने तीन फूट. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत आपण हर्डल्सची शर्यत पाहतो. तिथला अडथळा हलका असतो, पाय लागला तर तो पडतो आणि पळणारा पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. तो ८० ते १०० किलो वजनाचा असतो आणि त्याच्या माथ्यावर पाच इंच जाडीचा चौकोनी वासा असतो. पाय अडकला तर माणूसच पडतो.

पाण्याचा अडथळा आणखी निराळा. वाश्याच्या पलीकडे बारा फूट लांबीचा खड्डा असतो. तो वाश्यापाशी सर्वांत खोल आणि पुढे तळ चढत चढत मैदानाला मिळालेला. ज्याची उडी लांब जाते त्याला उथळ पाणी लाभते. ज्याची आखूड पडते तो खोल पाण्यात उतरतो आणि ओला बूट घेऊन पुन्हा वेग धरतो. बहुतेक धावपटू एक पाऊल वाश्यावर टेकवून रेटा देतात, दुसरे पाऊल खड्ड्याच्या कडेजवळ पाण्यात पडते आणि पुढचे कोरड्या जमिनीवर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये केनियाचा एमोस बिवॉट हा पाण्याचा खड्डा संपूर्ण उडून जाई आणि त्याचे पाय कोरडेच राहत. लोकांना मौज वाटली, पण सुवर्णपदक त्यानेच नेले. तेव्हापासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक केनियालाच मिळाले. १९७६ आणि १९८० साली केनिया गेलाच नाही, एवढीच काय ती फट. राष्ट्रकुल स्पर्धांत तर १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांत सुवर्ण, रौप्य, कांस्य तिन्ही पदके दर वेळी केनियाचीच. बर्मिंगहॅमच्या त्या दुसऱ्या क्रमांकाचे मोल यावरून कळावे.

आता या माणसाकडे वळू. अविनाश साबळे हा मांडवा गावचा, तालुका आष्टी. आपल्या वर्धा जिल्ह्यातली आष्टी नव्हे; ही बीड जिल्ह्यातली आष्टी, पावसाने नेहमी पाठ फिरवलेला मुलूख. जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा, घर शेतकऱ्याचे. शाळा सहा किलोमीटरवर आणि वाहन नाही. तेव्हा पायी जाणे, उशीर झाला की पळत जाणे. ही सहा किलोमीटरची गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडते. मला मात्र तिचे एवढे कौतुक वाटत नाही. शाळेसाठी सहा किलोमीटर चालणारी मुले आपल्याकडे हजारोंनी होती आणि अजूनही आहेत. ती सगळी धावपटू होत नाहीत. चालण्याने पाया पक्का झाला असेल, इमारत पुढे दुसऱ्यांनी बांधली.

बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. या रेजिमेंटचे केंद्र मध्यप्रदेशात सागर येथे आहे, आपल्यापासून फार दूर नाही. सियाचीनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर अशा तिन्ही ठिकाणी त्याने नोकरी केली. २०१५ साली तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास. मध्यंतरी दुखापत झाली, वजन बरेच वाढले, ते त्याने कष्टाने उतरवले. २०१७ च्या सुमारास सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. काही काळ बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे तो शिकला. आपल्या सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर, जी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या याच शर्यतीत दहावी आली, तिचेही ते प्रशिक्षक होते. २०२२ पासून अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे तो सराव करू लागला.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच का, असा प्रश्न येईल. ते शहर समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच आहे. आपले नागपूर ३१० मीटरवर. उंचीवर हवा विरळ असते, एका श्वासात प्राणवायू कमी येतो. काही आठवडे तेथे राहिले की शरीर ती उणीव भरून काढण्यासाठी रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. या पेशी म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या बंड्या समजा. मग खाली उतरून पळताना बंड्या जास्त आणि माल भरपूर, अशी स्थिती होते. केनियातले पुष्कळसे धावपटू तर जन्मापासूनच दोन हजार मीटरहून उंच पठारावर वाढलेले असतात.

अविनाशने भारतीय विक्रम पहिल्यांदा मोडला तो २०१८ साली भुवनेश्वरला, ८ मिनिटे २९.८० सेकंदांत. त्याआधीचा विक्रम राजस्थानच्या गोपाल सैनी यांचा होता, १९८१ सालचा, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. ३७ वर्षे तो कोणाला हलला नव्हता. नंतर अविनाशने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांपर्यंत तो आला, तेव्हा ही दहावी वेळ होती. सहा वर्षांत वीस सेकंद. कानाला हे थोडे वाटते. त्याच्या वेगाने हिशेब केला तर भुवनेश्वरचा अविनाश आणि पॅरिसचा अविनाश एकाच शर्यतीत पळते, तर पहिला दुसऱ्याच्या सुमारे १२० मीटर मागे राहिला असता.

बर्मिंगहॅमच्या ८ मिनिटे ११.२० सेकंदांचा अर्थ असा: चारशे मीटरची प्रत्येक फेरी सरासरी साडेपासष्ट सेकंदांत, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर सायकल दामटली तर हा वेग येतो. तो पायांनी आठ मिनिटे टिकवावयाचा, आणि मध्ये पस्तीस वेळा तीन फुटांचा वासा ओलांडावयाचा.

आता कोड्याकडे येऊ. पळणाऱ्या शरीराला खर्चासाठी दोन वाटांनी पैसा मिळतो असे समजा. पहिली वाट रोजच्या मिळकतीची. फुप्फुसांनी प्राणवायू घेतला, हृदयाने तो रक्तातून पोचवला, स्नायूंनी त्यावर काम केले. ही मिळकत बेताची, पण खंड न पडणारी. दुसरी वाट कर्जाची. एकदम जोर लावावयाचा झाला की स्नायू प्राणवायूची वाट न पाहता साठ्यातून उसनवार करतात. वेग ताबडतोब येतो, पण स्नायूंत आम्लता साचत जाते, पाय जड होतात, मांड्या पेटतात, आणि थोड्याच वेळात वेग आपोआप पडतो. सावकाराचे व्याज म्हणतात ते हेच. शंकरपटातल्या बैलांना सगळी शर्यत कर्जावर काढता येते, कारण व्याज सुरू होण्याआधी पट संपतो. आठ मिनिटांच्या शर्यतीत तसे चालत नाही. तिथे बहुतेक सगळा खर्च मिळकतीतून भागवावा लागतो आणि कर्ज काढावयाचे ते अगदी शेवटी, एकदाच.

आता दोन धावपटू घ्या. एकाची मिळकत मोठी आहे, पण कर्ज काढण्याची ऐपत बेताची. दुसऱ्याची मिळकतही चांगली आणि वेळ पडल्यास कर्जही मोठे उचलू शकतो. शर्यत आरंभापासून जलद झाली तर पहिल्याला संधी असते. दुसऱ्याला शेवटची फेरी येईपर्यंत गाठोडे सोडावे लागलेले असते. पण शर्यत जर रमतगमत चालली तर? मग सगळेच शेवटच्या फेरीला भरल्या खिशाने पोचतात, आणि तिथून पुढे ती तीन हजार मीटरची शर्यत राहत नाही, ती चारशे मीटरची होते. यूजीनला नेमके हेच झाले. कोणीही पुढे होऊन वेग वाढवीना. सगळे एकमेकांकडे पाहत घोळक्याने पळत राहिले. एक छायाचित्रकार तर मैदानाच्या दुसऱ्या बाजूची स्पर्धा टिपण्याच्या नादात धावपट्टीवरच उभा होता आणि पळणाऱ्यांना त्याला वळसा घालून जावे लागले! शेवटच्या फेरीत बक्कालीने मुसंडी मारली आणि घोळक्यात सापडलेला अविनाश मागे राहिला. त्याची रबातची मिळकत त्याच्या कनवटीलाच राहिली, खर्चच झाली नाही.

घोळक्यात पळण्याची स्टीपलचेसमध्ये आणखी एक अडचण असते. पुढच्याच्या पाठीमागे राहिले तर वारा कमी लागतो, हा फायदा; पण पुढचा अडथळा दिसत नाही. समोरचा माणूस उडाला की मागच्याला कळते, वासा आला. पाऊल मोजून टाकायला वेळ उरत नाही. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अविनाशच्या पुढे इथिओपियाचा धावपटू धडपडला आणि त्याची वाट अडली. भारताने तक्रार नोंदवली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. मौज अशी की एवढे अडखळूनही त्या दिवशी त्याने भारतीय विक्रम मोडला होता, आणि तीनच दिवसांनी अंतिम फेरीत तोही मोडून ८ मिनिटे २१.३७ सेकंदांवर आणला.

बर्मिंगहॅमला चित्र उलटे होते. केनियाचे तिघे, कॉन्सेस्लस किप्रुटो, अब्राहम किबिवॉट आणि एमोस सेरेम, पहिल्यापासून वेगाने निघाले. किप्रुटो रिओ ऑलिंपिकचा विजेता, सेरेम वीस वर्षांखालील जगज्जेता. वेग जलद ठेवला की बाकीचे गळतील, हा केनियाचा जुना हिशेब. सहा स्पर्धा तो बरोबर उतरला होता. या वेळी मात्र चौथा माणूस गळला नाही. वेगवान शर्यत अविनाशला हवीच होती. तो तिघांच्या मागे चिकटून राहिला. पुढे जाण्याची घाई केली नाही, अंतरही पडू दिले नाही. किप्रुटो मागे पडला, मग सेरेम मागे पडला, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर अविनाश किबिवॉटच्या खांद्याशी आला. किबिवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२०. पाच शतांश सेकंद. त्या वेगात पाच शतांश सेकंद म्हणजे जमिनीवर मोजले तर एक हातसुद्धा अंतर भरत नाही.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने तिसराच डाव टाकला. तिथे केनिया नव्हता, मोरोक्को नव्हता. वेग ठेवायला दुसरे कोणी पुढे येण्यासारखे नव्हते. वाट पाहत बसला असता तर पुन्हा यूजीन झाले असते. म्हणून तो आरंभीच पुढे झाला, आपला वेग आपणच धरला, आणि एकट्याने पळत सगळ्यांना मागे टाकले. ८ मिनिटे १९.५० सेकंद, आशियाई स्पर्धेचा नवा विक्रम, आणि दुसऱ्या आलेल्या जपानी धावपटूवर चार सेकंदांची आघाडी. शेवटच्या काही मीटरांत मागे वळून पाहून त्याने हात उंचावले. आशियाई स्पर्धेत या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. तीन दिवसांनी ५००० मीटरच्या शर्यतीत त्याने १३ मिनिटे २१.०९ सेकंदांत रौप्यपदकही घेतले.

सगळेच दिवस असे गेले असे मात्र नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोचला; या शर्यतीत भारतीय पुरुषाने तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या फेरीत ८ मिनिटे १४.१८ सेकंद घेऊन तो अकरावा आला. त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लमेचा गिर्मा, ज्याच्या नावे ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा जागतिक विक्रम २०२३ साली लागला, अडथळ्याला पाय लागून डोक्यावर आपटला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. अविनाशवरही तो प्रसंग आला. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद जिंकून आला, आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. मघाशी सांगितलेला न पडणारा वासा आणि ओला खड्डा, त्यांचा अर्थ हा असा असतो.

आपल्या भाषेतली माणसे लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी परदेशी जाणे तसे नवे नाही. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे पहिले पथक गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांनी त्याच्यासाठी खटपट केली होती. त्या पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. ३००० मीटर स्टीपलचेस या अंतरानिशी ऑलिंपिकमध्ये आली तीही त्याच अँटवर्पला. दोघांची गाठ पडायला मात्र शंभर वर्षे जावी लागली.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या मैदानावर यातले काय करता येईल ते सांगतो. खर्च जवळजवळ नाही. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका. तिला ३१ मीटर ८३ सेंटिमीटर लांबीची, ताण न घेणारी दोरी बांधा आणि दुसरे टोक धरून फक्कीने वर्तुळ आखा. त्याचा घेर २०० मीटर भरतो. जागा अपुरी असेल तर दोरी १५ मीटर ९२ सेंटिमीटर घ्या, घेर १०० मीटर होईल. घड्याळ मोबाइलमध्ये असतेच. पहिल्या दिवशी मुलांना काही न सांगता पाच फेऱ्या, म्हणजे हजार मीटर, पळू द्या आणि दर फेरीचा वेळ लिहून काढा. पहिली फेरी सर्वांत जलद आणि चौथी सर्वांत संथ, असेच बहुतेकांचे निघेल. दुसऱ्या आठवड्यात सांगा की पहिल्या फेरीला पहिल्या दिवशीपेक्षा चार सेकंद जास्त घ्यावयाचे. जो लवकर येईल तो बाद. मुलांना हे मुळीच पटत नाही, बरे का! मुद्दाम हळू पळायचे म्हणजे काय, असे त्यांना वाटते. पण शेवटी पाचही फेऱ्यांची बेरीज करून फळ्यावर लिहा आणि मागच्या आठवड्याच्या बेरजेशेजारी ठेवा. पुढचे काम ती बेरीज करील.

भरतीच्या मुलांसाठी हाच हिशेब सोळाशे मीटरला लावा. समजा साडेपाच मिनिटांत धावणे संपवावयाचे आहे. २०० मीटरच्या आठ फेऱ्या, म्हणजे प्रत्येकी सव्वाएक्केचाळीस सेकंद. मुलगा पहिली फेरी ३४ सेकंदांत मारतो तेव्हा त्याला वाटते, सात सेकंद कमावले. ते सात सेकंद कर्जाचे असतात, आणि पाचव्या फेरीपासून सावकार दारात येतो. पहिल्या सहा फेऱ्या एकेचाळीस-बेचाळीसच्या आत-बाहेर ठेवावयाच्या आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत जे उरले असेल ते काढावयाचे. सराव सूर्योदयापूर्वी करावा. नागपूरच्या मे महिन्यात आठ वाजल्यानंतर पळणे म्हणजे शरीराची अर्धी मिळकत घाम गाळण्यातच घालवणे होय.

अडथळ्यांची हौस मुलांना लवकर वाटते. ती पुरवावी, पण पक्के वासे मैदानात लावू नयेत. दोन्ही बाजूंना विटांची चवड रचून तिच्यावर एक हलका बांबू नुसता ठेवावा, गुडघ्याइतक्या उंचीवर. पाय लागला की तो पडला पाहिजे. पाण्याच्या खड्ड्याचे काम लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यावर भागते. मुलाला एकाच पायाने उडी घेण्याची सवय लागू देऊ नये, उजवा आणि डावा दोन्ही पाय तयार करावेत, कारण दमल्यावर कोणता पाय पुढे येईल याचा नेम नसतो.

आणि फेऱ्या मोजण्याचे काम घड्याळ धरणाऱ्याकडे देऊ नका, त्यासाठी वेगळा माणूस बसवा. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्या अधिकाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेले आणि सगळ्यांना एक फेरी जास्त पळावी लागली. फिनलंडचा इसो-होलो पुढे होता, तो तरी पहिलाच राहिला. पण अमेरिकेचा मॅक्लस्की ३००० मीटर पुरे झाले तेव्हा दुसरा होता. त्या जास्तीच्या फेरीत इंग्लंडच्या इव्हेन्सनने त्याला गाठले आणि रौप्यपदकाऐवजी कांस्यपदक घेऊन तो परतला.